वीट, कौल आणि चौदा अंडी

११ एप्रिल

लेकीने जाताना दोन वह्या दिल्या. निळ्या वहीत रोजचं तापमान, ओलावा, कोणी काय खाल्लं, कोणी कात टाकली, एवढंच लिहायचं. "आणि ही दुसरी कशाला?" विचारलं, तर म्हणाली, "बाबा, निळ्या वहीत तुम्ही मतं घुसडाल. मतं इथे लिहा."

तर पहिलं मत. साप पाळणं हा शहाण्या माणसाचा उद्योग नाही. ही बाई तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला निघून गेली आणि तिच्या खोलीतल्या दोन काचपेट्या माझ्या गळ्यात पडल्या. मादीचं नाव वीट, नराचं कौल. जात कॉर्न स्नेक, बिनविषारी, माझ्या छत्रीपेक्षा जरा लांब. वीट अंड्यांवर आली आहे, आठवडाभरात घालेल, घाबरू नका, असं सांगून गेली. मी अडतीस वर्षं उकळत्या रंगाच्या टाक्यांशेजारी काढली आहेत. घाबरायचा प्रश्नच नाही. पेटीचं झाकण मात्र अजून उघडलेलं नाही.

ही, म्हणजे माझी बायको, खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून पाहते.

१२ एप्रिल

झाकण उघडलं.

काय सांगू! कापडाच्या गिरणीत माझं काम शेड जुळवण्याचं. गिऱ्हाइकाने चिंधी आणून द्यावी आणि मी तिच्यात कोणता रंग किती ते सांगावं. मान्यता होती मला. आज विटेच्या पाठीसमोर खुर्ची टाकून बसलो आणि तासाभरात हात टेकले. जमीन, म्हणजे खालचा मूळ रंग, नारिंगी, पण मानेजवळ पिवळसर आणि शेपटीकडे तांबूस. तिच्यावर विटकरी ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला काळी किनार, बारीक निबाने ओढल्यासारखी. ती वळली तेव्हा पोट दिसलं: काळे-पांढरे चौकोन. हे सगळं कुणी रंगवलेलं नाही. आतून आलं आहे.

भिंतीवर विटेच्या आणि कौलाच्या आईबापांचे फोटो आहेत. वीट एका घरची, कौल दुसऱ्या, पण दोघांच्या आईबापांची जोडी तशीच. एकाच्या अंगात काळा रंग नाहीच, नुसता लालभडक, डोळेसुद्धा लाल. दुसऱ्याच्या अंगात लाल नाहीच, सगळा राखाडी-काळा. आता माझा धंदा काय सांगतो? लाल आणि राखाडी एका टाकीत ओता, मळकट तपकिरी निघेल. निघाली काय, तर ही रसरशीत वीट!

फोटोखाली लेकीची चिठ्ठी चिकटवलेली आहे. "बाबा, इथे रंग मिसळत नाहीत. चिठ्ठ्या वाटल्या जातात. प्रत्येक रंगाच्या दोन चिठ्ठ्या, एक आईची, एक बापाची. एक जरी लिहिलेली असली तरी रंग येतो. दोन्ही कोऱ्या आल्या तरच तो रंग जातो." म्हणजे एकात जे नव्हतं ते दुसऱ्याने दिलं, आणि पिल्लाला सगळं मिळालं.

त्याखाली सोळा घरांचा तक्ता आहे. ("सापशिडी लावलीय," ही उंबऱ्यावरून म्हणाली.) नऊ घरं विटकरी, तीन काळा नसलेली, तीन लाल नसलेली, आणि एक घर कोरं. म्हणजे सोळात एक पिल्लू पांढरं निघू शकतं, असं लेकीचं म्हणणं. इथे मात्र मी तिला फोन लावला. म्हटलं, दोन विटकरी सापांच्या पोटी पांढरं? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? निघालं तर मिशी उतरवीन.

"आईला साक्षीदार ठेवा," ती म्हणाली.

१४ एप्रिल

विटेने कात टाकली. मोज्यासारखी उलटी, अखंड, डोळ्यांवरच्या टोप्यांसकट. कातीत रंग अजिबात नाही, पण उजेडात धरली की ठिपक्यांची नक्षी पुसट दिसते. रंग नसलेलं कापड आणि तरी त्यात छापा. दहा वेळा उजेडात धरून पाहिली.

या खोलीचे पडदे जाड आहेत. लेकीला ऊन सोसत नाही, डोळे मिटतात. आमच्या जुन्या घरातही अशी एक अंधारी खोली होती. आजोबांची बहीण तिथे बसायची. केस, भुवया, पापण्या, सगळं दुधासारखं. आम्ही मुलं तिला दूधआजी म्हणायचो. डोळे बारीक करून, चेहरा अगदी जवळ आणून माझ्या सदऱ्याची बटणं लावायची. फार म्हातारी होती बिचारी. मी पाच वर्षांचा असताना गेली.

१९ एप्रिल

चौदा अंडी! सकाळपासून दुपारपर्यंत वीट एकेक घालत होती आणि मी खुर्चीवरून उठलो नाही. लांबट, पांढरी, कवच चामड्यासारखं मऊ. बारा एकमेकांना चिकटलेली, दोन सुटी. ओलसर भुकटीच्या डब्यात ठेवली, डबा उबेच्या पेटीत. अठ्ठावीस अंश. थर्मामीटर वाचायला मला शिकवायला नको.

२२ एप्रिल

घोटाळा झाला. हिच्या माहेरी कोंबड्या होत्या. ती म्हणाली, "कोंबडी अंडी रोज फिरवते, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं." मला पटलं. दोन सुटी अंडी छान गोल फिरवून ठेवली. मग लेकीच्या सूचनांचं दुसरं पान उलटलं. मोठ्या अक्षरात: सापाची अंडी अजिबात फिरवायची नाहीत, पिल्लू आत बुडून मरतं.

रंगाची रेसिपी शेवटपर्यंत वाचल्याशिवाय टाकीला हात लावायचा नाही, हे मी अडतीस वर्षं लोकांना ओरडून सांगितलं. आणि स्वतः पहिल्या पानावर थांबलो. अंडी होती तशी परत ठेवली, पेन्सिलीने खूण केली. देव जाणे आत काय झालंय.

हिला म्हटलं, "हे तुझ्या माहेरच्या कोंबड्यांमुळे."

ती आत गेली.

२४ एप्रिल

दोन दिवस झाले, ही कामापुरतंच बोलते. कोंबड्यांवरून एवढं?

बरं, मतांची वही आहे तर लिहूनच टाकतो. एकतीस वर्षांपूर्वी लेक जन्मली तेव्हा तिचे केस पांढरे होते, कातडी पांढरी, डोळे फिके आणि सारखे हलणारे. डॉक्टर म्हणाले, अंगात रंग तयार होत नाही, बाकी मूल ठणठणीत आहे. माझी आई दारातच म्हणाली, "आमच्या आडात असलं काही नाही. हिच्या घरचं आहे हे." मी गप्प बसलो. गप्प तरी का म्हणू? मला ते पटलं होतं. माझे केस काळे, आईचे काळे, वडिलांचे काळे. जो रंग मी टाकीत टाकला नाही त्याचा दोष माझ्यावर कसा?

महिन्याभराने मी सासरी गेलो आणि सरळ विचारलं. सरळ माणूस आहे मी, आडपडदा नाही. सासरे सुतार. ओट्यावर फळीला रंधा मारत होते. "तुमच्यात असं कुणी होऊन गेलंय का?" त्यांनी रंधा बाजूला ठेवला, हातावरचा भुसा झटकला आणि हात जोडले. म्हणाले, "असेल आमच्यातच कुणीतरी. माफ करा."

त्यानंतर मी त्या घरी चारदाच गेलो. सासरे जाऊन आठ वर्षं झाली. लेकीवर मात्र माझा जीव आहे, त्यात कधी कमी केलं नाही. हे सगळं आज का आठवलं कोण जाणे.

९ मे

लेकीने फोनवर शिकवलं: अंड्याला हात न लावता बाजूने छोटी विजेरी धरायची. धरली. आत लाल शिरांचं जाळं, आणि मधे एक काळसर ठिपका. तो हलला! मी ओरडलोच. ही धावत आली आणि पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आली. दोघं डोकं लावून बघत बसलो. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता. "एवढंसं," ती म्हणाली, "आणि आत केवढी घाई."

फिरवलेल्या दोनातल्या एकात शिरा दिसतात. दुसरं पिवळं पडलंय.

३० मे

काही नाही. अठ्ठावीस अंश. कौलाने उंदीर खाल्ला.

आता ही रोज सकाळी माझ्या आधी थर्मामीटर वाचते.

११ जून

पिवळ्या अंड्याला बुरशी आली. काढून कुंडीत पुरलं. हिला म्हणालो, चूक माझीच, दुसरं पान मी वाचलं नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी परक्या भाषेत बोललो. बाकीच्या तेरांना वरून खळ्या पडायला लागल्या आहेत. लेक म्हणते, वेळ जवळ आली.

१८ जून

सकाळी सव्वासात. एका अंड्याला ब्लेडने मारावी तशी चीर. पिल्लाच्या नाकावर इवलासा दात असतो, कवच कापण्यापुरता. मग गळून पडतो. एका कामासाठी एक हत्यार, काम झालं की हत्यार परत. अशी शिस्त आमच्या गिरणीत कधी नव्हती.

१९ जून

नऊ डोकी बाहेर. अंड्यातून मान काढून नुसती बघत बसतात, एक-एक दिवस. घाई संपली त्यांची. मी आणि ही खुर्च्या टाकून समोर. जेवायचं राहिलं ते दुपारी तीनला लक्षात आलं.

एक पिल्लू बाहेर सरकलं: नारिंगी, काळी किनार नाही, डोळे माणकासारखे लाल. काळे डोळे असलेल्या आईबापांचं! आजोबाचा रंग एक पिढी लपून बसला होता आणि जसाच्या तसा बाहेर आला, जराही पातळ न होता. मी आयुष्यभर रंग पातळ होताना पाहिले. धुतले की जातात, मिसळले की मरतात. हा मेला नव्हता. दिसत नव्हता, इतकंच.

२० जून

शेवटचं अंडं. मी फिरवलेलं, पेन्सिलीच्या खुणेचं. दुपारी त्यातून पिल्लू निघालं.

पांढरं. पूर्ण पांढरं नव्हे, शंखाच्या आतल्या बाजूसारखं गुलाबी-पांढरं, आणि पाठीवर ठिपके आहेतच, पांढऱ्यावर पांढरे. नक्षी सगळी जागच्या जागी. मी तळहातावर घेतलं. पेन्सिलीएवढं, थंडगार, जिवंत. खिडकीतून ऊन आलं तसं त्याने डोकं वळवून माझ्या बोटांत खुपसलं. मी उठून पडदा ओढला. हे मी कितीदा केलंय! लेक एवढीशी होती, पाळण्यातून तोंड फिरवायची, आणि मी उठून पडदा ओढायचो.

हात तसाच धरून मी भिंतीवरची चिठ्ठी पुन्हा वाचली. दोन्ही कोऱ्या आल्या तरच रंग जातो. दोन्ही. एक आईची, एक बापाची. कौलाच्या अंगावर काळ्या किनारी आहेत. तरी त्याने कोरी चिठ्ठी दिली.

माझेही केस काळे होते.

२१ जून

पिल्लं मोजली. सात विटकरी (अजून मंद, लेक म्हणते रंग पुढे चढेल), तीन लाल, दोन राखाडी, एक पांढरं. सातही विटकरी दिसायला एकसारखी, पण त्यांच्या पोटातल्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या असू शकतात, आणि बघून कळायचं नाही. आता यात मला नवीन काय? दोन तुकडे उन्हात हुबेहूब दिसायचे आणि ट्यूबलाइटखाली एक हिरवा मारायचा. "दिसण्यावर जाऊ नका, आत काय घातलंय ते बघा," हे माझंच वाक्य. खात्यात माझी नक्कल करायचे लोक ते म्हणून. कापडापुरतं बरं कळत होतं मला.

दुपारी ताईला फोन केला. माझी थोरली बहीण, तिला जुनं सगळं आठवतं. विचारलं, दूधआजी गेली तेव्हा किती वर्षांची होती?

"म्हातारी कसली? आजोबांची सगळ्यात धाकटी बहीण ती. गेली तेव्हा एकोणचाळीसची होती. जन्मापासून तशीच पांढरी होती रे. तुला माहीत नाही?"

पाच वर्षांच्या मुलाने पांढरे केस बघितले आणि म्हातारी समजला. ठीक आहे. पण त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत तेच समजत राहिला. घरात लेक समोर वावरत असताना!

"आईला माहीत होतं?" मी विचारलं.

"आईनेच तर शेवटी शेवटी तिला भरवलं."

आईबद्दल इथे काही लिहीत नाही.

२२ जून

हिला सांगितलं. पांढऱ्या पिल्लाची पेटी मधे ठेवून, चिठ्ठ्या, सोळा घरं, दूधआजी, सगळं. बोलताना दोनदा अडलो. ती ऐकत होती आणि पिल्लाकडे बघत होती.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"दोघांकडून लागतं ते. लेक बारावीत होती तेव्हा तिने मला कागदावर चौकोन काढून दाखवलं होतं."

"चौदा वर्षं! मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत कधी? आणि सांगून काय झालं असतं? लेकीने आईची बाजू घेतली म्हणाला असता. तुम्हाला डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटतं का काही?"

नाही पटत. मी म्हटलं, निदान तुझ्या बाबांना तरी कळायला हवं होतं.

"त्यांना तेव्हाच सांगितलं होतं मी." तिने पेटीचं झाकण हळूच लावलं. "म्हणाले, जावयांना बोलू नकोस, मनाला लावून घेतील."

ती पदराने डोळे पुसत उठली, जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली, आणि मग मी रडलो.

संध्याकाळी मिशी उतरवली. लेकीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं: "पांढरं निघालं?????" आणि मग थोड्या वेळाने: "बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

२९ जून

सासरी गेलो. पांढरं पिल्लू हवेची भोकं पाडलेल्या डब्यात, डबा हिच्या मांडीवर. लेकीची परवानगी काढली होती.

सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. डोळ्यांना फारसं दिसत नाही, जीभ मात्र शाबूत. माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. "मिशी कुठे गेली हो?"

"पैजेत हरलो, आई."

"बरं झालं. फार होती."

मग मी सांगितलं. याच ओट्यावर काय विचारलं होतं, आणि माझ्याच घरातल्या अंधाऱ्या खोलीत लहानपणी मी कुणाला पाहिलं होतं. आडात नव्हतं असं नाही, आई. मी वाकून पाहिलं नव्हतं. त्यांनी मध्येच पिल्लू मागितलं. मी त्यांच्या ओंजळीत ठेवलं. ते बोटांमधून फिरत राहिलं आणि त्या जराही दचकल्या नाहीत.

"कसं आहे दिसायला?"

"पांढरं. पण नक्षी आहे पूर्ण. उजेडात तिरकं धरलं की दिसते."

"आपल्या पोरीसारखं म्हणा की." "म्हणजे अर्धं तुमचं, अर्धं आमचं. आणि माफी मात्र यांनी सगळी मागितली. आता अर्धी परत आणलीत होय?"

"सगळीच आणलीय, आई. त्यात माफी मागण्यासारखं कुणाचंच काही नव्हतं. मागायची ती मी, विचारल्याबद्दल."

"मग मला कशाला देता? ज्यांची त्यांना द्या." त्यांनी लेकीकडे, म्हणजे हिच्याकडे, तोंड वळवलं. "जा गं, तो रंधा काढ फळीवरून."

हिने फडक्यात गुंडाळलेला रंधा आणला आणि ओट्यावर, ते बसायचे त्या जागी ठेवला. मुठीजवळ लाकूड त्यांच्या हाताने काळं, गुळगुळीत झालेलं. मी चपला काढल्या, समोर उभा राहिलो, आणि हात जोडून जे म्हणायचं होतं ते मोठ्याने म्हणालो. एकतीस वर्षांपूर्वीही मोठ्यानेच विचारलं होतं.

रंध्याच्या तोंडात लाकडाची एक पातळ साल अजून अडकलेली होती. ही ती काढायला गेली, मग राहू दे म्हणाली. आम्ही तिघं तिथेच बसून चहा प्यालो.